दादाची वही आणि बेचाळीस किलोमीटर

या विभागात दरवर्षी पाऊस, मैत्री आणि मेसच्या पोळ्या यांवर भरपूर लिहून येतं. यंदा मी अभ्यासाचा लेख देतेय. विषय आहे पहिली पूर्ण मॅरेथॉन धावायची तयारी. त्यातही एक विशेष केस घेतलीय: आपल्या गेलेल्या माणसासाठी धावायचं ठरवलं, तर तयारीत काय बदलतं? उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे सबमिशनच्या घाईत असलेल्यांना पान उलटता येईल. तयारीत काहीच बदलत नाही, आणि बदलू द्यायचंही नाही. का, ते पुढे सविस्तर.

आधी थोडी ओळख. मी थर्ड इयर मेकॅनिकल, गर्ल्स हॉस्टेल. गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. भीमेच्या काठचं, उसाचं गाव. रासाई देवीचं देऊळ आहे म्हणून हे नाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ विभागाच्या मॅडमनी तपासून दिलेत. पण एक शंका त्यांनाही सोडवता आली नाही: पळणं आणि धावणं यात फरक काय? आमच्या गावात सगळे पळतात. धावतात ते फक्त पुस्तकात. या लेखात दोन्ही येईल, सांभाळून घ्या.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो पळायचा. आमच्या भागात पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसायला लागली की समजायचं, भरती निघाली. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर २० पैकी २०, मग जसजसा वेळ वाढेल तसतसे मार्क कमी. एकदा थोडक्यात यादी हुकली म्हणून दादा दुसऱ्यांदा तयारी करत होता. दौंडहून एक स्टॉपवॉच आणलं होतं, ते गळ्यात घालून फिरायचा. मला म्हणायचा, "बारके, भरती झालो ना, की एकदा पुण्याची फुल मारणार." फुल म्हणजे फुल मॅरेथॉन. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून आहे आणि गावाकडच्या पोरांना ती नावाने तरी माहीत असतेच.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, उसाचा सीझन चालू असताना, रात्री गाडीवरून घरी येताना रस्त्यात एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधा दगडांचा आडोसाही नाही. दादा चोवीस वर्षांचा होता. यावर मी जास्त लिहिणार नाही. वर्षश्राद्धानंतर काकीने त्याची कपाटातली वही मला दिली. "तू इंजिनेरिंगची, तुला आकडे कळतील," म्हणाली. त्याची राहिलेली फुल आपण मारायची, हे मी त्या वहीमुळे ठरवलं. कशी मारायची नाही, हेही मला त्या वहीनेच शिकवलं.

वहीकडे जाण्याआधी अंतराबद्दल दोन शब्द, कारण सगळं गणित त्यावरच आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती साधारण ४० किलोमीटर होती आणि स्पिरिडॉन लुईस नावाच्या ग्रीक माणसाने जिंकली. १९०८ ला लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियमच्या राजघराण्याच्या बॉक्ससमोरपर्यंत नेली, त्यातून हा विचित्र आकडा निघाला, आणि १९२१ मध्ये तोच कायमचा ठरला. युद्धाची बातमी घेऊन मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन प्राण सोडणाऱ्या ग्रीक दूताची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती हेरोडोटसमध्ये नाहीच. त्याच्याकडे अथेन्स ते स्पार्टा धावलेला दूत आहे, आणि तो मरत नाही. मरणारा दूत कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी आणला. मला हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

आणि हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर ऐका. १९१९ साली आपल्या पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांना अनवाणी धावताना पाहिलं, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला इथून खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघात मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. दातारांची शर्यत पूर्ण झाली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. भागाकार करा: दर किलोमीटरला बरोब्बर ४ मिनिटं. शंभर वर्षांपूर्वी!

आता दादाची वही. दोनशे पानी, जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत १३१ दिवसांच्या नोंदी. प्रत्येक ओळीत तारीख, १६०० मीटरचा वेळ आणि एखादा शब्द. मी सगळं एक्सेलमध्ये टाकून ग्राफ काढला. जूनमध्ये सुरुवात ६ मिनिटं २० सेकंद. मग रेषा भराभर खाली येते, ऑगस्टच्या मध्यापर्यंत ५:३८. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ५:३१, हा सगळ्यात चांगला वेळ. त्याच्यापुढे दीड महिना रेषा आडवी, आणि ऑक्टोबरमध्ये चक्क वर चढते. शेवटची नोंद ५:४९. शेवटच्या कॉलममधले शब्दही बदलत जातात. आधी "मस्त", "हवा छान". मग "दम". सप्टेंबरपासून "नडगी" हा शब्द चौदा वेळा आलाय. "झोप नाही" सहा वेळा.

मी तो ग्राफ आमच्या जिमखान्याच्या सरांना दाखवला. कुणाचा आहे ते सांगितलं नव्हतं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरगा गुणी आहे. पण याने रोज परीक्षाच दिलीय. अभ्यास कधी केला?"

हे वाक्य मी हॉस्टेलच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. दादा रोज उठून जीव तोडून १६०० मीटर पळायचा, घड्याळ बघायचा, वेळ लिहायचा. एकशे एकतीस दिवसांत एकदाही तो सावकाश पाच किलोमीटर पळालेला नाही. आणि हे काही त्याचं एकट्याचं नाही. कुठल्याही गावात पहाटे जाऊन बघा, भरतीची सगळी पोरं हेच करतात, कारण शेजारचा तेच करतो.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. १६०० मीटर ही साडेपाच मिनिटांची मेहनत दिसायला धडाक्याची असली, तरी त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते. ती यंत्रणा, म्हणजे स्नायूंतल्या केशवाहिन्या, पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, हृदयाचा एका ठोक्यात रक्त ढकलायचा आवाका, हे सगळं वाढतं ते मुख्यतः सावकाश आणि जास्त वेळ पळण्याने. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड नावाचे कोच होते. त्यांचा शिष्य पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकला ८०० मीटर जिंकला, १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही. त्याच्याकडून लिडियार्ड तयारीच्या काळात आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळवून घेत. ८०० मीटरवाल्याकडून! पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने मोठमोठ्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ढोबळ प्रमाण निघालं ८०:२०. ऐंशी टक्के सराव आरामात, वीस टक्के जोरात. दादाचं प्रमाण शून्याला शंभर होतं.

आरामात म्हणजे किती? याला यंत्र लागत नाही. शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा. माझा हा वेग निघाला किलोमीटरला साडेसात मिनिटं. हसू नका. या वेगाने पूर्ण मॅरेथॉन ५ तास १६ मिनिटांत होते. तुलनेला सांगते, शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन संपवली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. त्या वेगाने १६०० मीटर काढले तर होतात ५ मिनिटं. म्हणजे भरतीत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा वेग, आणि तोही एकापाठोपाठ एक सव्वीस वेळा. आम्ही दोघी-तिघींनी हा हिशेब मेसमध्ये बसून केला, आणि नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

इथे मूळ मुद्दा येतो. गेलेल्या माणसासाठी पळताना सावकाश पळणं फार अवघड जातं. सावकाश म्हणजे जणू मनापासून नाही, असं वाटतं. त्याची आठवण आली की पाय आपोआप जोर धरतात. छातीत दुखेपर्यंत पळावंसं वाटतं, कारण तेवढंच त्याच्यापर्यंत पोचेल असं वाटतं. वही हातात होती म्हणून मला हे ओळखू आलं. त्याच्यासाठी पळायचं म्हणून त्याच्यासारखं पळायचं, हा मोह होता. सरांनी सरळ सांगितलं, पायाच्या हाडाला कारण कळत नाही, त्याला फक्त लोड कळतो.

लोडचंच घ्या. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, एस-एन कर्व्ह आठवा. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट बल येतं. माझं वजन ५२ किलो, म्हणजे अडीच पट धरलं तर १३० किलो. एक पाऊल साधारण एक मीटर धरलं तर मॅरेथॉनमध्ये ४२ हजार पावलं, एकेका पायावर २१ हजार. एका पावलाने काही मोडत नाही, पण हा फटीग लोडिंगचा प्रकार आहे. पोलादाला एन्ड्युरन्स लिमिट असते, तिच्याखाली ताण ठेवला की तत्त्वतः कितीही फेरे चालतात. हाडाचं वेगळं आणि जास्त गमतीचं आहे: हाड स्वतःला दुरुस्त करतं. पण दुरुस्तीची पद्धत आपल्या रस्त्यांसारखीच. आधी खोदकाम! ताण पडलेल्या जागी आधी पेशी जुनं हाड खाऊन टाकतात, आणि मग दुसऱ्या पेशी नवीन भरतात. खोदाई झालीय आणि भराव अजून पक्का झालेला नाही, असा काही आठवड्यांचा काळ असतो. तेव्हा हाड आधीपेक्षा कमजोर असतं. पूर्ण फेरा व्हायला तीन-चार महिने लागतात. हृदय आणि फुप्फुसं मात्र काही आठवड्यांतच तयार होतात. म्हणून होतं काय, की दम टिकायला लागतो, माणूस खूश होऊन अंतर वाढवतो, आणि नडगी बोलायला लागते. दादाच्या वहीतला "नडगी" हा शब्द तिसऱ्या महिन्यात का सुरू झाला, ते मला या एका गोष्टीने समजलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतंच.

त्यामुळे माझा चोवीस आठवड्यांचा आराखडा अगदी कंटाळवाणा आहे. आठवड्यात चार दिवस पळणं. मंगळवारी ६ किलोमीटर, गुरुवारी ८, त्यातले मधले काही मिनिटं जोरात, शनिवारी ५ आणि रविवारी लांब पल्ला. बाकीचे दिवस चालणं आणि पायाचे, पोटाचे व्यायाम. बैठका, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, एवढंच. रविवारचं अंतर १० पासून सुरू करून १२, १४, मग चौथ्या आठवड्यात मुद्दाम मागे ११. पुढे १६, १८, २०, परत १५. आठवड्याची एकूण वाढ दहा टक्क्यांच्या आसपास आणि दर चौथा आठवडा हलका, ही ढोबळ पद्धत. सर्वांत लांब रविवार ३२ किलोमीटरचा. ४२ सरावात कुणी पळत नाही, कारण त्याची भरपाई करायला लागणारे दिवस त्या फायद्यापेक्षा महाग पडतात. ही माझी सोय आहे, पंचांग नव्हे. ओरलच्या आठवड्यात मी फक्त दोन दिवस पळाले आणि आकाश कोसळलं नाही. मात्र ज्यांनी आधी कधीच पळलं नाहीये त्यांनी चोवीस आठवडे पुरतील असं समजू नये. मी त्याआधी सहा महिने पाच-पाच किलोमीटर पळत होते. आणि घरात कुणी तरुणपणी हृदयाने गेलं असेल, किंवा पळताना छातीत दुखलं, चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट.

आपल्या ग्राउंडची एक फेरी ४०० मीटरची. ३० किलोमीटर म्हणजे ७५ फेऱ्या. मोजायला मी उजव्या खिशात ७५ चिंचोके ठेवायचे आणि दर फेरीला एक डाव्या खिशात. माझी रूममेट शेवटच्या दहा फेऱ्यांना कंपनी द्यायला यायची, ती मात्र थर्मोडायनामिक्सची नोट्स घेऊन चालत.

आता इंधन. पळताना दर किलोग्रॅम वजनाला दर किलोमीटर साधारण एक कॅलरी, म्हणजे आहारवाल्यांची मोठी कॅलरी, लागते. ५२ गुणिले ४२, म्हणजे जवळजवळ २२०० कॅलरी. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजनच्या रूपात असतो, यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत चारशेच्या आसपास. ग्रॅमला ४ धरून सगळा मिळून २००० कॅलरी, आणि लहान चणीच्या माणसाला त्याहून कमी. शिवाय हातांच्या स्नायूंतली साखर पायांना उसनी मिळत नाही. म्हणून तिशीच्या पुढे कुठेतरी टाकी रिकामी होते आणि माणूस एकदम बसतो. धावणारे त्याला भिंत म्हणतात. चरबी मात्र मुबलक असते. दहा किलो चरबी म्हणजे ९०,००० कॅलरी. पण ती मुदत ठेवीसारखी आहे, घाईत मोडता येत नाही. वेग जितका कमी, तितका चरबीचा वाटा जास्त. म्हणजे सुरुवातीला सावकाश जाणारा माणूस शेवटच्या दहा किलोमीटरसाठी साखर वाचवत असतो.

वरून भर घालायची ती तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्टाची. बाजारात त्यासाठी जेल मिळतात, पण माझ्या मेसच्या बिलात ती बसत नाहीत. एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम देतं. गुळाचे खडे आणि चिक्की खिशात मावतात. आमच्याकडे गुळाला काय तोटा! फक्त एक अट: शर्यतीच्या दिवशी खाणार ते आधी लांब रविवारी खाऊन बघायचं. पोट हा नवीन विषय शर्यतीत शिकायला घेत नाही. पाण्याचंही तसंच. कमी पिणं वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त पिणंही वाईट, हे फार जणांना माहीत नसतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या खाली गेलेलं आढळलं. आणि त्यातलं मोठं कारण शर्यतीत वजन वाढेपर्यंत पाणी पिणं हे होतं. तहान लागेल तसं घोट-घोट, आणि ओआरएस.

मैत्रिणींसाठी एक वेगळा परिच्छेद, मुलांनी वाचला तरी चालेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या मेसच्या एका टेबलावर चार जणी बसल्या तर सरासरीने दोघी तरी. ऑगस्टमध्ये माझं हिमोग्लोबिन १०.४ निघालं. बायकांना १२ च्या खाली म्हणजे कमीच. पळताना जिना चढल्यासारखं का वाटत होतं, ते तेव्हा कळलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जेवणानंतर लगेच चहा बंद करायला सांगितला, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळायचं, त्याने लागतं. नोव्हेंबरमध्ये ११.९. तेवढ्याने ग्राउंडवर इतका फरक पडला की कुठल्याही महाग बुटाने पडला नसता.

कुठे पळायचं, हा प्रश्न मुलींना जास्त पडतो. हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं. रविवारी तीन-चार तास पळायचं आणि ऊन व्हायच्या आत परत यायचं, तर सव्वापाचला बाहेर पडायला हवं. मी रेक्टर मॅडमना रीतसर अर्ज दिला, घरच्यांचं पत्र जोडलं, ग्राउंडच्या बाहेर जाणार नाही असं लिहून दिलं. मॅडमनी एक दिवस स्वतः येऊन पाहिलं आणि मग सही केली. वॉचमन मामा आता गेट उघडताना विचारतात, "आज किती चिंचोके?"

गावी गेले की वेगळीच अडचण. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि आमच्या उसात बिबट्या असतो. ही म्हण नाही, खरंच असतो. माणसांवर हल्ले झालेत, आणि अंधारात एकट्याने बाहेर पडू नका असं वनखातं परत परत सांगतं. त्यामुळे काकीचा नियम: "पळ बाई, पण उजाडल्यावर. आणि चुलत्याला मागे गाडीवर घेऊन." काका मागून दहाच्या स्पीडने येतात आणि कंटाळून गाडीवर बसल्या बसल्या फोनवर ऊसतोडीचे हिशेब करतात. रस्त्यावर पळायचंच असेल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कपडे भडक. हेडफोन नाही. दुसरं एक काम काकांनी सुरू केलंय, ते पळण्याचं नाही पण इथेच सांगते. दसऱ्यानंतर, कारखाने सुरू व्हायच्या आधी, ते लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर टेपचे रोल आणतात आणि गावातल्या ट्रॉल्यांच्या मागे पट्ट्या चिकटवतात. कुणाला विचारत नाहीत. मीही सुट्टीत त्यांच्याबरोबर चिकटवल्या. आधी ट्रॉलीची माती कापडाने घासून काढावी लागते, नाहीतर टेप धरत नाही.

कुणासाठी तरी पळणं म्हटलं की आमच्या भागात पहिलं नाव निघतं लता भगवान करे यांचं. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीसाठी बारामतीकडे आलेल्या. पतीच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरला उतरल्या. नऊवारी नेसून, अनवाणी, आणि पहिल्या आल्या. बक्षीस ५,००० रुपये. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनी स्वतःच केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. पुढे २०२१ मध्ये करोनात त्यांचे पती गेले. मी ही गोष्ट पुष्कळदा मनात घोळवली. त्या पळाल्या तेव्हा त्यांचं माणूस होतं आणि पळून त्याचा उपयोग होणार होता. तीन किलोमीटर जीव तोडून पळणं तिथे बरोबरच होतं. माझ्या पळण्याने दादाचं काहीच होणार नाही. हे वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पण ते एकदा लिहिलं, की मग घाई कशाचीच उरत नाही.

दुसरं उदाहरण लांबचं. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. तीन जण तिथे गेले आणि एक पोलीस अधिकारी नंतर मारला गेला. पुढच्या वर्षी मेब केफ्लेझिगी हा अमेरिकन धावपटू तिथे उतरला. वय ३८, म्हणजे मॅरेथॉनच्या हिशेबाने उतरणीचं. त्याने आपल्या नंबराच्या कागदाच्या चार कोपऱ्यांत त्या चौघांची नावं बारीक अक्षरात लिहिली होती, आणि २ तास ८ मिनिटं ३७ सेकंदांत ती शर्यत ११ सेकंदांनी जिंकली. जिंकणं सोडा, ते आपल्याला लागू नाही. मला त्यातली बारीक अक्षरं आवडतात. नाव कोपऱ्यात, आणि मधे मोठा नंबर, ज्याच्यावर धावणाऱ्याचा वेळ लागतो.

शेवटचे तीन आठवडे उतरतीचे. ३२ झाल्यावर रविवार २०, मग १४, मग थेट शर्यत. एकूण पळणं निम्म्यावर येतं, वेग तोच ठेवायचा. हा काळ सगळ्यात वाईट. पाय शिवशिवतात, काहीतरी विसरतोय असं वाटतं, नसलेली दुखणी जाणवतात. रूममेट म्हणते, मी परीक्षेच्या आधीपेक्षा जास्त चिडचिडी झालेय. शेवटचे दोन-तीन दिवस भात-पोळी-बटाटा जरा जास्त, डाळ-उसळ बेताची, तळलेलं बंद. बूट नवीन घ्यायचे नाहीत, दीडेकशे किलोमीटर झालेलेच घालायचे. नखं कापायची. ज्या कपड्यात ३२ पळाले तेच कपडे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा डिसेंबरातली पुण्याची शर्यत होऊन गेलेली असेल. मी लिहितेय तेव्हा ती अकरा दिवसांवर आहे. माझा बेत असा: पहिल्या किलोमीटरपासून तिसाव्यापर्यंत साडेसात मिनिटांच्या आत एकही किलोमीटर करायचा नाही. आजूबाजूचे कितीही पुढे गेले तरी, ढोल वाजले तरी, आणि दादा आठवला तरी. तीसच्या पुढे जे उरेल ते वापरायचं. नंबराच्या कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने दोन अक्षरं लिहिणार आहे, वहीतल्यासारखी.

काका आणि काकी तिसाव्या किलोमीटरला उभे राहणार आहेत, केळी घेऊन. काकीला मी दादाचं स्टॉपवॉच लावायला शिकवलंय. शर्यत सुटली की दाबायचं आणि मी दिसले की बघायचं. बरोबर वेळ ३ तास ४५ मिनिटं. त्याच्यानंतर कितीही उशिरा आले तरी काळजी करू नको, पण त्याच्या आत दिसले तर मला चारचौघांत मोठ्याने ओरड, असं तिला सांगून ठेवलंय.